सामनेवाला क्रमांक तीन

कोर्ट नाक्यावर माझं टेबल आहे,
चौथ्या पायाच्या जागी दोन विटा.
मशीनचा ळ अडकतो.
टाइप करून झालं की सगळे ळ पेनने घालतो,
पक्षकारांना सांगतो, तेवढं चालतं.

गोमती मढवी आली मंगळवारी, विटाव्याहून.
पिशवीत रेशनकार्ड, सिव्हिलचे कागद,
आणि वहीचं एक पान,
त्यावर चौऱ्याहत्तर दुकानांची नावं.
जांभळी नाका, खारीगाव, किसननगरच्या तीन गल्ल्या,
गोखले रोडवरचं ते मोठं एसीवालं.
प्रत्येक नावापुढे एकच शब्द: नाही.

काय नाही?
पाणी, म्हणाली.
तो ज्याची जाहिरात करतो, ते.

तुम्हीही पाहिलंय. माजिवड्याच्या पुलाशी
सोनेरी अक्षरांत नीलशिखर, खाली मुंगीएवढं
'पिण्याचे पाणी',
आणि तो, ग्लास उचललेला.
टीव्हीवर त्याच ग्लासाच्या बुडाला दोन टिचक्या मारतो,
म्हणतो, आता आपली वेळ.
ग्लासातलं पाणी मधाच्या रंगाचं.

वाइन शॉपमध्ये नीलशिखर मागा, लगेच मिळते.
नीलशिखरचं पाणी मागा,
काउंटरवरचा पोरगा हसतो.

मी वकील नाही. पण पस्तीस वर्षं
दुसऱ्यांची वाक्यं टाइप केली की
कायदा थोडा बोटांत उतरतो.
म्हटलं, बाई, तो सांगेल, मी पाण्याची जाहिरात केली.
पाणी शुद्ध, प्रयोगशाळेचा दाखला आहे,
सही करण्याआधी रीतसर चौकशी केली,
दारूचं तर नावही घेतलं नाही.
वर विचारेल, तुम्ही ग्राहक कशा? पाण्याचं बिल दाखवा.

तिनं वहीचं पान पुढे सरकवलं.
"बिल कुठून आनू? तेच लिवायचं हाय ना."

नवऱ्याबद्दल फार बोलली नाही.
तो आधीही प्यायचा, खोटं कशाला लिहा.
फक्त आधी पाठ फिरवून प्यायचा,
पोरं आली की ग्लास मोरीत सरकवायचा.
ती जाहिरात आल्यापासून
पंख्याखाली, घराच्या मधोमध बसू लागला.
लाज गेली, म्हणाली.
ती किती रुपयांची, ते टाका.

नुकसानभरपाईच्या रकान्यावर
मी बोट ठेवून बसलो.

मग उठता उठता तिनं सांगितलं,
सुट्टे मागावेत तशा आवाजात:
धाकटा आठ वर्षांचा. दूध पितो.
परवा त्यानं पेला उचलला
आणि बुडाला दोन टिचक्या मारल्या.

पाच प्रती. कार्बनची शेवटची जेमतेम निळसर.
सामनेवाला एक, कंपनी.
दोन, जाहिरात करणारी संस्था.
तीन, तो.
राहणार?
तिला ठाऊक नव्हतं, मलाही. बांद्रा, दुबई, कोण जाणे.
म्हणाली, रोज दिसतो तिथलाच टाका.
टाकला:
माजिवडा उड्डाणपूल, नाशिककडे जाताना डावीकडे,
जमिनीपासून चाळीस फूट,
रात्री दिवे चालू असतात.

पंधरा दिवसांनी कागद परत आले.
शेरा: पत्ता अपूर्ण.
तोवर पुलाजवळचा फ्लेक्सही बदललेला.
आता घोडबंदरच्या एका शाळेचा. प्रवेश सुरू.
चेहरा तोच, हसू तेच,
हात एका मुलाच्या डोक्यावर.

गोमतीबाईंना फोन करून सांगितलं.
थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही,
मागे कुकरची शिट्टी तेवढी.
मग म्हणाल्या,
"म्हंजे पत्ता बरोबर हाय ना? परत टाका."

कागद चढवलाय.
ळ अजून अडकतोच.
खिशात पेन आहे.